ओझरहून विमानात बसताना खिडकी डावी की उजवी? मार्गवार परीक्षण

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. गोव्याला जाताना उजवी खिडकी. नागपूरला डावी. हैदराबादला डावी. बेंगळुरूला दुपारपर्यंत उजवी. दिल्लीला आणि अहमदाबादला सकाळी डावी, दुपारनंतर उजवी. परतीच्या प्रवासात बाजू उलट करायची, पण घड्याळ बघून, कारण तोपर्यंत सूर्यही सरकलेला असतो. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, सुटणाऱ्या फेऱ्या हंगामागणिक बदलतात, तेव्हा यातली थेट फेरी सध्या चालू आहे का, ते तिकीट काढतानाच पाहावं. फेरी बंद झाली तरी हिशोब बदलत नाही, कारण डोंगर आणि धरणं जागच्या जागीच राहतात.

नाशिकचा विमानतळ खिडकीपुरता तरी देशातल्या फार चांगल्या विमानतळांपैकी एक आहे, असं आमचं ठाम मत आहे. मुंबईहून निघालेलं विमान समुद्रावर नाहीतर इमारतींवर चढतं आणि घाटमाथ्यावर येईपर्यंत इतकं उंच गेलेलं असतं की किल्ले ओळखू येत नाहीत. ओझरची धावपट्टी मुळातच पठारावर, समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर. उत्तरेला अवघ्या तीसेक किलोमीटरवर सातमाळा रांग, पश्चिमेला त्र्यंबकची रांग, नैर्ऋत्येला कळसूबाई. विमान अजून चढत असतं आणि डोंगर समोर असतात. ही दहा-बारा मिनिटं ज्या खिडकीतून दिसतात तीच खिडकी घ्यायची. पुढचा तासभर ढग दिसले तरी चालतात.

बाजू ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या: विमान कोणत्या दिशेला जाणार, त्या वेळी सूर्य कुठे असणार आणि पंख आड येणार का. बहुतेक लोक पहिलीच गोष्ट पाहतात आणि फसतात ते दुसरीत. सूर्याच्या बाजूची खिडकी घेतली की समोरचा डोंगर काळा दिसतो, हवेतली धूळ पांढरी चमकते, खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा उजळतो आणि पाच मिनिटांत शेजारचा प्रवासी पडदा खाली करायला सांगतो. सूर्य पाठीशी असेल तर त्याच डोंगराच्या कातळाचे थर वेगळे मोजता येतात. म्हणून निसर्ग दोन्ही बाजूंना सारखाच असेल तेव्हा सावलीची बाजू घ्यावी.

दिशा काढायला नकाशावर ओझर आणि मुक्कामाचं शहर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढा. उत्तरेला जाताना डावीकडे पश्चिम, दक्षिणेला जाताना उजवीकडे पश्चिम. सकाळी ऊन पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. हिवाळ्यात दिवसभर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या विमानात उत्तरेची खिडकी कायम सावलीत राहते. नाशिकच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २० अंश उत्तरेला, मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला जातो. पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावरच असतो, त्यामुळे कोणत्याच खिडकीला त्रास देत नाही.

आता विमान. सीट निवडताना समोर येणारा नकाशा नीट पाहा. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट असतील तर ते बहुतेक एटीआर ७२, पंख्याचं विमान. तीन-तीन असतील तर जेट, बहुतेक एअरबस ए३२० किंवा ए३२१. दोन्हीत ए म्हणजे डावी खिडकी. उजवीकडची खिडकी म्हणजे रांगेतलं शेवटचं अक्षर, एअरबसमध्ये ते एफ.

नजारा पाहायला एटीआर हजार पटीनं बरं. त्याचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खाली पाहताना काही आड येत नाही. शिवाय ते जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत जातं, जवळच्या फेऱ्यांना बरेचदा त्याहून खालीच राहतं. जेट ३५,००० फुटांच्या आसपास जातं. या फरकामुळे एटीआरमधून गावाचं देऊळ दिसतं आणि जेटमधून फक्त गाव दिसतं. एटीआरमध्ये खोट एवढीच की इंजिन आणि पंख्याची पाती पुढच्या एक-तृतीयांश भागाशेजारी येतात आणि चाकांचा फुगीर भाग मध्यावर पोटाला असतो. पाती फिरताना डोळ्याला त्रास होत नाही, पण मोबाइलच्या फोटोत ती वाकडी, तुटलेली उमटतात. म्हणून मागच्या एक-तृतीयांश भागातली रांग घ्या. तिथं आवाज आणि थरथरही कमी, आणि दार मागेच असल्यामुळे उतरतानाही आधी नंबर लागतो.

एअरबसमध्ये पंख खाली असतो. १८६ सीटच्या ए३२० मध्ये साधारण दहाव्या रांगेपासून विसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिलं की पत्राच दिसतो. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते म्हणून लोक जादा पैसे देतात, पण ती रांग बरोबर पंखावर असते. नजाऱ्यासाठी तिथं एक रुपयाही घालू नये. मागे बसलं तर इंजिनाच्या गरम झोतामुळे पलीकडचं दृश्य थरथरतं, फोटो धूसर येतात. त्यामुळे दुसऱ्या ते सातव्या रांगेतली खिडकी उत्तम, आणि ती महाग वाटली तर विसाव्याच्या बऱ्याच मागची. ए३२१ लांब आहे, त्यात पंखाचा पट्टा आणखी मागे सरकतो, म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा नकाशावर आपत्कालीन दारं कुठं दाखवलीत ते पाहावं.

आणखी एक गोष्ट नकाशावर कधीच दिसत नाही. खिडक्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, सीटमधलं अंतर कंपनी ठरवते. दोन्ही जुळतीलच असं नाही. काही रांगांमध्ये खिडकीच्या सीटवर बसलं की शेजारी नुसती भिंत येते आणि खिडकी खांद्याच्या मागे राहते. ज्या विमानानं जाणार त्याच रांगेचा फोटो कुणी टाकला असेल तर तो शोधून पाहिलेला बरा. आत गेल्यावर असं निघालं आणि विमान भरलेलं नसेल, तर दार बंद झाल्यावर केबिन क्रूला विचारून जागा बदलता येते. न विचारता उठून बसू नये, विशेषतः एटीआरमध्ये. लहान विमानात कोण कुठं बसलंय यावर तोल मोजलेला असतो.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, ०९/२७: ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून तेव्हा उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेकडे होतं. पश्चिमेकडे उडालं तर डाव्या खिडकीत नाशिक शहर, चामर लेण्यांचा डोंगर आणि मागे गंगापूर धरण येतं, उजव्या खिडकीत कादवा, पालखेड धरण आणि दिंडोरीची द्राक्षपट्टी. पूर्वेकडे उडालं तर डावीकडे पिंपळगाव बसवंत आणि चांदवडच्या डोंगररांगा, उजवीकडे निफाड. मग विमान आपल्या मार्गाला वळतं. वळताना ज्या बाजूला कलतं त्या खिडकीतून जमीन सरळ खाली दिसते, दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश. पश्चिमेला उडून उत्तरेला जायचं तर उजवं वळण, दक्षिणेला जायचं तर डावं. धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडे विमान चाललंय ते जमिनीवरच कळतं. पण सीट त्याआधी घ्यायची असते, म्हणून आदल्या दिवशी हवामानाच्या अ‍ॅपमध्ये वाऱ्याचा बाण पाहून ठेवावा.

मार्गांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, आणि दुसरा त्याच्या बराच मागे आहे. ओझर आणि गोव्यातला मोपा विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे विमान नाकासमोर दक्षिणेला जातं आणि सह्याद्रीचा माथा बराच काळ उजवीकडे दहा ते तीस किलोमीटरवर राहतो. पाहायला हेच अंतर सगळ्यांत चांगलं. त्याहून जवळचं पोटाखाली जातं, त्याहून लांबचं धुरकटतं. शहर मागे पडलं की उजवीकडे दारणा, मग कळसूबाईचा सुळका आणि त्याच्या पायथ्याला भंडारदऱ्याचं पाणी. कळसूबाईच्या पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका ओळीत. हरिश्चंद्रगड आला की पठार एकदम संपतं आणि पलीकडे कोकण खाली पडलेलं दिसतं. कोकणकड्याचा वाकलेला कातळ ओळखायला हवा स्वच्छ लागते, पण पठाराची ती तुटलेली कड धुक्यातही कळते. पुढे माळशेज, जुन्नरचा भाग, मग राजगड-तोरणा, महाबळेश्वरचं पठार आणि डोंगरांच्या घड्यांत लांबवर शिरलेलं कोयनेचं पाणी. कोल्हापूरच्या अक्षांशाच्या खाली मात्र घाटमाथा पूर्वेला सरकतो. राधानगरी, आंबोली डावीकडे जातात आणि उजव्या खिडकीत सिंधुदुर्गाची लाल माती आणि किनारा येतो. हे सगळं सरळ रेघेचं गणित आहे. पुण्याच्या हवाई हद्दीत विमानाला वाट वाकडी करायला लावली तर काही नावं पुढं-मागं होतील, बाजू सहसा बदलत नाही.

गोव्याची फेरी दुपारनंतरची असेल तर उजवीकडे ऊन येतं. तेव्हा डोंगरांच्या नुसत्या काळ्या कडा दिसतात, पण कोयनेचं पाणी चकाकतं. तरीही उजवीच घ्यावी, कारण डावीकडे दख्खनचं सपाट पठार आहे आणि ते बाकीच्या मार्गांवरही पाहायला मिळतं. गोव्याहून सकाळी परतताना डावी खिडकी, ती सगळ्यांत सुंदर. पूर्वेचं ऊन विमानाच्या उजव्या अंगाला पडतं आणि सह्याद्रीचा पूर्वेकडचा उतार डावीकडे उजळलेला असतो.

दिल्लीच्या मार्गावर मजा सुरुवातीलाच आहे. मार्ग उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कललेला. सप्तशृंग गड ओझरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणून डावीकडे. त्याच्यासमोर मार्कंड्या, पूर्वेला एकाच पठारावर उभी असलेली रवळ्या-जावळ्याची जोडी. थोडं पुढं गेल्यावर साल्हेर, १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि मांगी-तुंगीची दोन टोकं, तीही डावीकडेच. धोडप मात्र अडचणीचा. १४७२ मीटरचा हा किल्ला जवळपास मार्गाच्या रेघेवरच येतो, त्यामुळे विमान किती लवकर वळलं यावर तो डावीकडे येणार की उजवीकडे ते ठरतं, कधी तो पोटाखालीही जातो. दिसलाच तर ओळखायला सोपा: शिवपिंडीसारखा माथा, त्याला चिकटून लांबवर गेलेली कातळाची भिंत आणि त्या भिंतीत मधोमध तोडल्यासारखी खाच. विमान उत्तरेकडे गेलं की ही खाच काही क्षण आरपार दिसते आणि मग कोन बदलला की मिटते. नजर तयार ठेवावी, मोबाइल काढेपर्यंत संपतं.

पुढे तापीचं खोरं, सातपुडा, नर्मदा ओलांडली जाते. नंतर गांधीसागरचं पाणी आणि कोट्याजवळ चंबळ सरळ रेघेच्या आसपास येतात. जेट असेल तर या वेळेपर्यंत ते पूर्ण उंचीवर असतं आणि हिवाळ्यात दिल्लीकडचं धुरकं सुरू झालेलं असतं. दुपारच्या फेरीत डावीकडे ऊन असतं, तेव्हा उजवी घ्यावी आणि साल्हेरवर पाणी सोडावं. दिल्लीहून पुढे कुणी श्रीनगरला जात असेल तर त्या फेरीत उजवी खिडकी, धौलाधार आणि पीरपंजाल तिकडेच. बागडोगरा, गुवाहाटी किंवा काठमांडूला डावी, कारण विमान पूर्वेला जातं आणि हिमालय उत्तरेला राहतो. नाशिक-दिल्लीच्या खिडकीपेक्षा या दुसऱ्या टप्प्यातल्या खिडकीवर पैसे खर्च करणं जास्त शहाणपणाचं.

अहमदाबादचा मार्ग वायव्येकडे, त्यामुळे इथं सप्तशृंग आणि साल्हेर उजवीकडे जातात. दुपारनंतर त्यांच्यावर समोरून ऊन पडतं, म्हणून उजवी. उकाई धरणाचा मोठा जलाशयही त्याच बाजूला. सकाळी मात्र उजवीकडे चकाकी असते, तेव्हा डावी बरी: डांगचं जंगल, मग सुरतेचा भाग, भरूचजवळ रुंद होत गेलेली नर्मदा आणि खंभातच्या आखाताचा गढूळ किनारा. इंदूरचीही गंमत शेवटी आहे. नर्मदा ओलांडताना महेश्वर उजवीकडे, मांडूचं पठार त्यानंतर डावीकडे. दोन्ही मिळत नाहीत, सकाळी मांडू आणि संध्याकाळी महेश्वर असं उन्हाप्रमाणे निवडावं.

नागपूरला डोळे मिटून डावी. विमान पूर्वेला जातं, उत्तरेची खिडकी वर्षभरातला बहुतेक काळ सावलीत. चांदवड, राजदेर, इंद्राईची रांग डावीकडे, पुढे अजिंठ्याचे डोंगर, लांबवर सातपुड्याची निळी रेघ. अंकाई-टंकाई मार्गाच्या अगदी जवळ, किंचित उजवीकडे येतात, तेवढे हुकतात. लोणारचं विवर दिसेल या आशेनं काहीजण उजवी घेतात. सरळ मार्गापासून ते सत्तरेक किलोमीटर दक्षिणेला आहे, इतक्या तिरक्या कोनातून त्याचा गोल ओळखू येत नाही. त्या आशेवर बाजू बदलू नये.

हैदराबादला डावीकडे पैठणचा नाथसागर येतो, मावळतीच्या फेरीत सूर्य मागे-उजवीकडे असल्यामुळे पाणी निळं दिसतं. शिर्डी जवळजवळ मार्गाखालीच. नांदूर मधमेश्वरचं पाणीही या रेघेवर आहे. रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळालेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण. पण नांदूर मधमेश्वर नीट पाहायचं तर नाशिकला उतरताना पाहावं: विमान पूर्वेकडून, म्हणजे २७ वर उतरत असेल, तर डाव्या खिडकीत निफाडच्या पलीकडे गोदावरी आणि कादवेचा संगम दिसतो. बेंगळुरूला उजवीकडे सुरुवातीला भंडारदऱ्याचे डोंगर लांबून, नंतर उजनीचं पाणी मार्गाच्या आसपास. बाकी हा मार्ग साधाच. दुपारनंतर उजवीकडे ऊन, तेव्हा डावी घेऊन निवांत बसावं.

हंगामाचं म्हणाल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर यासारखा काळ नाही. पावसानं हवा धुतलेली, धरणं भरलेली, डोंगर हिरवे. जून ते ऑगस्टमध्ये घाटमाथा ढगात बुडालेला असतो, गोव्याच्या उजव्या खिडकीला सुद्धा तेव्हा काही अर्थ नाही. मार्च ते मेमध्ये धूळ असते, सकाळची पहिली फेरी घेतली तरच लांबचं दिसतं. द्राक्षबागा पाहायच्या तर ऑक्टोबर छाटणीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागा बोडक्या होतात आणि वरून नुसत्या रेघा उरतात. शेततळी मात्र बाराही महिने दिसतात, प्लास्टिकचा कागद अंथरलेले काळे-निळे चौकोन. दिंडोरी-निफाड पट्ट्यात ती इतकी आहेत की खाली आलेल्या विमानातून मोजू म्हटलं तर मोजता येणार नाहीत.

फोटोंसाठी मोबाइलचं भिंग खिडकीच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, थरथर त्यातूनच येते. फ्लॅश बंद. गडद शर्ट घातला तर काचेत आपलंच प्रतिबिंब कमी पडतं. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू नये: विमानाची खिडकी अ‍ॅक्रिलिकची असते आणि त्यातून फोटोत इंद्रधनुषी पट्टे येतात. खिडकीत खाली जे बारीक भोक असतं ते दोन थरांमधला दाब आणि ओल सांभाळण्यासाठी असतं. त्याच्याभोवती बर्फाचे कण जमतात, ते पुसून जात नाहीत, म्हणून फोटो त्याच्या वरून घ्यावा.

आणि एक गोष्ट गांभीर्यानं. ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीची आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कारखान्यात मिग विमानं बनली, नंतर सुखोई-३०, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्याच कारखान्यात तयार झालेल्या तेजस मार्क-१ए नं पहिलं उड्डाण केलं. चाकं जमिनीवर असेपर्यंत कॅमेरा खिशात ठेवावा. क्रूनं पडदा खाली करायला सांगितलं तर वाद न घालता करावा. डोंगर येतात ते त्यानंतरच.

सीटचे पैसे द्यावेत का? गोव्याला आणि दिल्लीहून पुढच्या हिमालयाच्या फेरीला, हो, तिकिटासोबतच. बाकी मार्गांवर वेब चेक-इन सुरू होताच बसावं, मागच्या रांगांतल्या खिडक्या बरेचदा तेव्हाही कमी पैशात उरलेल्या असतात. आयत्या वेळी काउंटरवर मागायची झाली तर नुसती “खिडकी द्या” म्हणू नका. “डावीकडची, पंखाच्या मागची” असं नेमकं सांगा.